पित्त झालंय, म्हणजे नेमकं काय झालंय?

पोटोबा | मंगळवार, रात्री ११:१०

मंडळी, गेल्या रविवारी आमच्या घरात एकाच दिवशी चौघांना पित्त झालं.

वडील पहाटे तीनला छातीत जळजळ होऊन उठून बसले, घशाशी आंबट आलं होतं. बायकोचं सकाळपासून अर्धं डोकं ठणकत होतं, दुपारी उलटी झाली तेव्हा कुठे तिला बरं वाटलं. संध्याकाळी मुलाच्या अंगावर गांधी उठल्या, त्याला आईनं आमसुलाचं पाणी चोळलं. आणि मी दुपारी पावट्याची उसळ दोनदा वाढून घेतली होती, त्यामुळे रात्री पोटाचा नगारा. चौघांचंही निदान आईनं ओट्यापाशी उभ्या उभ्या केलं, "पित्त झालंय." औषधाच्या डब्यातली एकच पट्टी घरभर फिरली, मुलगा तेवढा सुटला.

आता माझी शंका. शाळेत पचनसंस्थेची आकृती काढून भागांना नावं दिलेली मला पक्की आठवतात. पित्तरस यकृतात तयार होतो आणि तो अल्कली असतो, असं लिहून मी मार्क मिळवलेत. मग छातीत जळतं ते आंबट कसं? आणि त्याच पित्तानं डोकं कसं दुखतं, अंगावर गांधी कशा उठतात? जाणकारांनी प्रकाश टाकावा. 'तुपात सुंठ घालून घ्या' हा प्रतिसाद आधीच मिळालेला आहे, घरातून.

खारूताई | मंगळवार, रात्री ११:२२

रात्री अकराला धागे काढता. जागरणानंही पित्त होतं म्हणे!

स्टेथोस्कोप | बुधवार, सकाळी ७:०५

मी तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. 'पित्त' हा शब्द कानावर पडला नाही असा एक दिवस जात नाही, आणि खरं सांगतो, तो ऐकून मला काहीच कळत नाही. म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला: आंबट की कडू?

आंबट असेल तर ते जठरातलं आम्ल. जठराच्या भिंतीतल्या पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतात. दिवसाला दीड-दोन लिटर जठररस तयार होतो आणि रिकाम्या पोटी त्याचा पीएच दीड-दोनपर्यंत उतरतो, म्हणजे लिंबू पिळलंत तरी त्याच्यापुढे फिकं. मग जठर स्वतःच कसं विरघळत नाही? आतून चिकट श्लेष्माचा थर असतो, त्यात बायकार्बोनेट मुरलेलं असतं, आणि अस्तराच्या पेशी काही दिवसांतच झडून नव्या येतात. अन्ननलिकेला हे चिलखत नाही. ती जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. घास खाली उतरला की ते आवळतं. ते भलत्या वेळी सैल पडलं की आम्ल वर चढतं आणि जळतं. पोटोबांच्या वडिलांचं पहाटेचं प्रकरण हेच दिसतं. यात आम्ल फार झालेलं असतंच असं नाही, बहुतेक वेळा ते नको तिथे गेलेलं असतं.

कडू आणि पिवळं-हिरवं असेल तर ते मात्र खरोखरचं पित्त, तुमच्या शाळेच्या आकृतीतलं. यकृत ते दिवसाला अर्धा ते एक लिटर बनवतं. त्यातलं काही पित्ताशय नावाच्या पिशवीत आटून घट्ट होतं. पिशवी केवढी, तर तीस ते पन्नास मिलिलिटरची. तेलातुपाचं जेवण लहान आतड्याच्या तोंडाशी पोचलं की पिशवी आकसते आणि पित्त खाली उतरतं. तिथे त्याचं काम भांड्याच्या साबणाचं. तुपाचे मोठाले थेंब फोडून बारीक करायचे, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसाला त्यांच्यावर काम करता येतं. आणि हा साबण शरीर वाया जाऊ देत नाही. लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला पंचाण्णव टक्के पित्तक्षार परत शोषले जातात आणि रक्तातून पुन्हा यकृतात. उरलेल्या रंगद्रव्यामुळे शौचाला तो ओळखीचा रंग येतो. शौच पांढुरकी, चुन्यासारखी झाली, लघवी गडद झाली आणि डोळे पिवळे दिसू लागले, तर पित्ताची वाट कुठेतरी अडलेली असू शकते. तेव्हा सुंठ-तुपात वेळ घालवू नये.

पाच-सहा उलट्या झाल्या की शेवटी कडू पिवळं पडतं आणि घरचे म्हणतात, "बघा, केवढं पित्त साठलं होतं!" साठलेलं काही नसतं. वरचं सगळं रिकामं झालं म्हणून आतड्यातलं वर आलं, इतकंच.

बाकीचे दोन रुग्ण दुपारी बघतो, ओपीडी उघडायची आहे.

अडुळसा | बुधवार, सकाळी १०:४०

स्टेथोस्कोप यांनी छान लिहिलंय, पण पोटोबांच्या मातोश्रींची बाजू घेणारंही कुणी हवं. मी आयुर्वेदाची पदवीधर.

आयुर्वेदातलं पित्त म्हणजे यकृतातला रस असं कुणी म्हणत नाही. तो दोष आहे, फार मोठी कल्पना आहे, तिचं यंत्रशास्त्रात भाषांतर करायला मी जात नाही. पण माधवनिदानात अम्लपित्ताचं स्वतंत्र प्रकरण आहे आणि अंगावर उठणाऱ्या गांधींचं, म्हणजे शीतपित्ताचं, वेगळं. आंबटपणा नावातच होता! आपण मराठीत पुढचं 'अम्ल' आणि 'शीत' गाळलं आणि नुसतं पित्त ठेवलं. एका आडनावाची चार माणसं वाड्यात राहत होती, आपण नुसतं आडनावानं हाक मारायला लागलो, आता प्रत्येक हाकेला भलताच बाहेर येतो.

पोटोबा | बुधवार, सकाळी ११:०२

ताई, हे आईला वाचून दाखवलं. "मी तेच म्हणते" असं उत्तर आलं.

स्टेथोस्कोप | बुधवार, दुपारी २:३०

अडुळसा, वाड्याची उपमा ओपीडीत वापरणार, परवानगी गृहीत धरतो.

सौ. पोटोबांचं लक्षण वाचून मला पोटापेक्षा डोक्याचीच शंका जास्त. अर्धं डोकं, ठणका, मळमळ, उलटी झाल्यावर उतार. याला आपल्याकडे फार जुना शब्द आहे, अर्धशिशी. मायग्रेन. गंमत अशी की या दुखण्यात जठर खरंच मंदावतं, आतलं पुढे ढकललं जात नाही. म्हणून मळमळतं, म्हणून उशिरा घेतलेली गोळी पोटातच पडून राहते आणि 'गोळीचा गुण येत नाही' अशी तक्रार होते. पित्त चढल्यामुळे डोकं दुखलं असं वाटतं, पण क्रम उलटा असतो. उपाशी राहणं, जागरण, ऊन, यांनी दोन्ही होतात, त्यामुळे गैरसमज आणखी घट्ट बसतो. माझ्याकडे एक बाई पंधरा वर्षं आम्लाच्या गोळ्या खाऊन आल्या होत्या, अर्धशिशीसाठी.

मुलाचं सोपं. गांधी उठतात त्या त्वचेतल्या पेशींनी हिस्टामिन सोडल्यामुळे. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला तर थेट दवाखाना, एरवी साधं ॲलर्जीचं औषध. आता जरा मजा ऐका. जठरातल्या आम्लाच्या पेशींना कामाला लावणाऱ्या संदेशवाहकांत एक हिस्टामिनच असतं. फक्त कुलूप वेगळं. त्वचेचं एच-१, जठराचं एच-२. हे दुसरं कुलूप अडवायची औषधं शोधल्याबद्दलही जेम्स ब्लॅक यांना १९८८ चं नोबेल मिळालं. तेव्हा आजीच्या शब्दानं जठर आणि गांधी एकत्र बांधल्या, तो निव्वळ योगायोग असला तरी मला आवडतो.

रस्सावाला | बुधवार, संध्याकाळी ६:१५

कोल्हापूरहून हजेरी. आमचे एक मामा अल्सर झाला तेव्हापासून दुधभातावर आहेत, तीस वर्षं झाली. डॉक्टरांनी तिखट बंद केलं ते केलंच. तांबड्या रश्श्यानं खरंच पोटाला भोकं पडतात का? उत्तर जपून द्या, इथे भावना गुंतलेल्या आहेत.

स्टेथोस्कोप | बुधवार, रात्री ९:५०

रस्सा निर्दोष सुटला आहे! तिखटानं आधीचं जळणं जास्त जाणवतं, काहींना जुलाब होतात, पण व्रण तिखटानं पडत नाही.

१९८० च्या आसपासपर्यंत सगळं जग तुमच्या मामांच्या डॉक्टरांसारखंच बोलत होतं: काळजी, तिखट, आम्ल. इतक्या आम्लात जंतू जगूच शकत नाहीत असं पुस्तकात होतं. ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरन या पॅथॉलॉजिस्टना जठराच्या तुकड्यांत मळसूत्रासारखे वळलेले जंतू दिसत राहिले. बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. कुणी मानेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शलनं त्या जंतूंचं पातेलं स्वतःच पिऊन टाकलं. पातेलं म्हणजे पेला हो. काही दिवसांत मळमळ, उलट्या, तोंडाला घाण वास. दुर्बीण घातली तर जठराला सूज आणि जंतू हजर. जंतूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. तो युरियापासून अमोनिया करतो आणि स्वतःभोवती आम्ल मारून राहतो. दोघांना २००५ चं नोबेल मिळालं.

हा जंतू भारतात निम्म्याहून अधिक लोकांच्या पोटात असतो, पण व्रण त्यातल्या थोड्यांनाच होतो. झाला तर दहा-चौदा दिवस प्रतिजैविकांसह औषधं घेऊन जंतू घालवता येतो. व्रणाचं दुसरं मोठं कारण घराघरात आहे, ते म्हणजे गुडघेदुखी-कंबरदुखीच्या गोळ्या. जठराचं चिलखत ज्या रसायनांमुळे टिकतं तीच या गोळ्या कमी करतात. मामांना विचारा, तेव्हा सांधे दुखत होते का.

रस्सावाला | बुधवार, रात्री १०:०१

मामा कबड्डी खेळायचे. पाठदुखीची गोळी रोज. आता त्यांना सांगू की नको? तीस वर्षांचा दुधभात आहे.

निवांत नाना | गुरुवार, दुपारी ४:०५

(वेळ बघून घ्या, एक ते चार आम्ही कुठे होतो ते कळेल.)

वामकुक्षीवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. वाम म्हणजे डावं, कुक्षी म्हणजे कूस. जेवून डाव्या कुशीवर अंमळ कलंडणं. जठर शरीरात डावीकडे असतं आणि अन्ननलिका त्याला वरून, उजव्या अंगानं मिळते. डाव्या कुशीवर असलात की आम्लाचं तळं खाली आणि तोंड वर. उजव्या कुशीवर वळा, तेच तोंड तळ्यात बुडतं. हे मी सांगत नाही, रात्रभर अन्ननलिकेत नळी घालून आम्ल मोजणाऱ्यांनी दाखवलंय. पुण्याची बदनामी थांबवावी.

स्टेथोस्कोप | गुरुवार, रात्री ८:२०

नाना, डावी कूस शंभर टक्के मान्य. पण 'अंमळ कलंडणं' आणि पुरणपोळीवर दोन तास घोरणं यात फरक आहे. तूप-तेल जास्त असलं की जठर हळू रिकामं होतं, साधं जेवण दोन-चार तासांत पुढे सरकतं ते आणखी रेंगाळतं. भरल्या पोटी आडवं होणं म्हणजे झाकण नसलेली बरणी आडवी ठेवणं.

पोटोबा, वडिलांसाठी: रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास. पोटाचा घेर कमी झाला तर उत्तमच. तंबाखू असेल तर बंद. पलंगाची डोक्याकडची बाजू वीतभर, पंधरा-वीस सेंटिमीटर, उचलायची. पलंगाच्या त्या बाजूच्या पायांखाली विटा घाला, जादा उशी नको. उशीनं मान वाकते, कंबरेत घडी पडते आणि पोट उलट दाबलं जातं.

साष्टीकरीण | गुरुवार, रात्री ९:१०

आमच्या गोव्यात पित्तावर सोलकढी आणि थंड दूध, दोन्ही चालतात. खरं कोणतं? आणि जेवताना पाणी प्यायलं की जठराग्नी विझतो, हे?

स्टेथोस्कोप | गुरुवार, रात्री ९:४५

दूध प्यायल्यावर दहा मिनिटं बरं वाटतं. मग त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात. सोलकढी आंबट, ज्यांना वर येतं त्यांना झोंबू शकते. बाकीच्यांनी माशांच्या जेवणावर वाटी तोंडाला लावावी, औषध म्हणून नको, सोलकढी म्हणून. अग्नी पाण्यानं विझत नाही. पाणी जठरातून भराभर पुढे जातं आणि आम्ल लागेल तसं पुन्हा सुटतं. फक्त तांब्याभर पाण्यानं पोट तट्ट फुगलं तर ते वरचं कडं सैल व्हायला मदतच होते, तेव्हा घोटघोट प्या.

मोडाची मटकी | शुक्रवार, सकाळी ८:३०

चौथ्या रुग्णाला सगळे विसरले. पावट्याचा नगारा माझ्याकडे द्या, मी अन्नतंत्रज्ञान शिकवते.

कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा काही शर्करा असतात. त्यांची साखळी तोडायचं विकर माणसाच्या लहान आतड्यात नाहीच. सहा मीटर लांबीचा प्रवास करून त्या अखंडच्या अखंड मोठ्या आतड्यात उतरतात. तिथे अब्जावधी जिवाणू पंगतीला बसलेलेच असतात, ते त्या आंबवतात, आणि वायू होतो. म्हणजे गॅस हे पचन बिघडल्याचं लक्षण नव्हे, दुसऱ्या कुणाचं तरी उत्तम पचन चाललंय! दिवसातून दहा-वीस वेळा वात सरणं हे निरोगीपणातच मोडतं. तो डोक्यात मात्र चढत नाही, तिकडे जायला वाटच नाही.

याच आंबवण्यातून जिवाणू जी छोटी मेदाम्लं करतात त्यांवर मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात. म्हणून वायू होतो म्हणून उसळी सोडणं हा तोट्याचा व्यवहार. आपल्या आज्यांनी काढलेली वाट बघा, भिजवणं आणि मोड आणणं. बी रुजायला लागलं की ते स्वतःच या शर्करा खर्च करतं, आणि भिजवलेलं पाणी फेकलं की त्यातही काही जातात. मोड आलेल्या मटकीनं पोट कमी फुगतं आणि पावट्यानं जास्त, याला हेही एक कारण. तंतूंची सवय नसलेल्यांनी एकदम वाडगाभर न खाता आठवड्या-आठवड्यानं वाढवत न्यावं, जिवाणूंची वस्तीही बदलायला वेळ घेते. दिवसाचे पंचवीस-तीस ग्रॅम तंतू व्हायला हवेत. साबुदाण्यात ते जवळजवळ शून्य असतात, त्यामुळे एकादशीनंतर द्वादशीला जे कुंथणं होतं त्याचा दोष विठोबाला देऊ नये.

खारूताई | शुक्रवार, सकाळी ९:००

वाखुसा (वाचनखूण साठवली). 'दुसऱ्या कुणाचं तरी उत्तम पचन' हे आता लिफ्टमध्ये म्हणणार.

मुक्काम पोस्ट नाशिक | शुक्रवार, रात्री ११:३५

हसतखेळत चाललंय, त्यात मध्येच हे लिहितोय. पण लिहितोच.

माझे वडील एका लग्नात जेवणानंतर छातीच्या मध्यावर हात फिरवत होते. पित्त झालंय म्हणाले. मधुमेह होता. कुणीतरी सोडा दिला, ढेकर आली, बरं वाटलं म्हणाले. घाम खूप येत होता, पण मे महिना, सगळ्यांनाच येत होता. परतीच्या वाटेवर गाडीतच गेले. त्या दिवशी सकाळी मंडपाचा जिना चढतानाही त्यांनी थांबून छाती चोळली होती, हे नंतर आत्यानं सांगितलं. तेव्हा उपाशीच होते ते.

स्टेथोस्कोप | शनिवार, सकाळी ६:४०

नाशिककर, लिहिलंत हे फार मोलाचं.

हृदय आणि अन्ननलिका शेजारी आहेत आणि दोघांच्या वेदनेच्या तारा मज्जारज्जूत एकत्रच पोचतात. कोणती घंटा वाजली हे मेंदूला नेहमी सांगता येत नाही. ढेकर आल्यानं बरं वाटलं, सोड्यानं बरं वाटलं, यावरून काहीही सिद्ध होत नाही. चालताना-चढताना येतं आणि थांबल्यावर ओसरतं, सोबत घाम, धाप, जबडा किंवा हात भरून येणं, यातलं काही असलं तर ते पित्त नाही असं धरूनच चला. मधुमेहींत आणि बायकांत दुखणं नुसतं 'अस्वस्थ वाटतंय' एवढंच असू शकतं. ईसीजी लगेच काढा. पहिला बरा आला आणि त्रास सुरूच राहिला तर पुन्हा काढतात, तो आग्रह धरा. ओपीडीत 'पित्त' या शब्दाची मला भीती वाटते ती याच्यामुळे.

ताळेबंद | शनिवार, दुपारी १२:१५

नाशिककर, __/\__

माझा प्रश्न यापुढे क्षुल्लक आहे. मी आठ वर्षं रोज सकाळी आम्लाची गोळी घेते. मार्च अखेरच्या कामात सुरू केली, थांबवायला कुणी सांगितलंच नाही. बंद केली की चौथ्या दिवशी आग होते. म्हणजे आयुष्यभर लागणार का?

स्टेथोस्कोप | शनिवार, रात्री ८:००

क्षुल्लक नाही, माझी निम्मी ओपीडी तुमच्यासारखी आहे.

या गोळ्या आम्ल सोडणारे पंपच बंद पाडतात. पहिली, ओमेप्राझोल, १९८८ मध्ये बाजारात आली आणि व्रणाच्या शस्त्रक्रिया जवळपास संपल्या, एवढं ते चांगलं औषध. चालू असलेलाच पंप बंद पडतो, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास. जेवणानंतर किंवा झोपताना कशीही घेतली तर गुण कमी येतो. बरीच वर्षं घेऊन एकदम सोडली की दबलेले पंप उसळून उठतात आणि काही आठवडे पूर्वीपेक्षा जास्त आम्ल येतं. तुमचा चौथा दिवस बहुधा तो. आजार परतला असंच नव्हे. डॉक्टरांना विचारून डोस हळूहळू उतरवा. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला आम्ल लागतं, त्यामुळे वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्यांत ते घटतं. शाकाहारी असाल तर आधीच काठावर असता. तपासून घ्या, मॅग्नेशियमही. काहींना गोळी खरंच कायमची लागते, उदाहरणार्थ रक्त पातळ करणारी औषधं आणि जुना व्रण असलेल्यांना. त्यांनी हे वाचून परस्पर बंद करू नये!

आणि कुणालाही, गोळी चालू असो वा नसो: गिळताना अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, डांबरासारखी काळी शौच (लोहाच्या गोळीनंही काळी होते, ती वेगळी), रक्ताची उलटी, रक्त कमी भरणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास. अशा वेळी गोळी बदलत बसू नका, दुर्बीण घालून बघा.

पोटोबा | तीन आठवड्यांनंतर, रविवार

कामाच्या रगाड्यात धाग्यावर यायला उशीर झाला. अहवाल देतो.

बायकोनं वही घातली. दोन्ही वेळा डोकं दुखलं ते उपास आणि उन्हातली खरेदी यानंतर. डॉक्टरांनी अर्धशिशीचंच औषध दिलंय. मुलाच्या गांधी परत उठल्या नाहीत, कशानं उठल्या होत्या ते कळलं नाही. वडिलांचा ईसीजी आणि इको काढून आणला, नाशिककरांमुळे. दोन्ही बरे आले. मग पलंगाखाली विटा घातल्या. पहिल्या रात्री वडील म्हणाले, "आयुष्यभर आधी पोटोबा केला, आता विटेवर चढवून माझाच विठोबा केलात." रात्रीचं जेवण साडेसातला आणलंय, त्यावर रोज तणतण होते, पण पहाटे तीनला उठणं थांबलंय. आई अजूनही 'पित्त' म्हणते, मात्र आता लगेच पुढे विचारते, "आंबट का कडू?"

खारूताई | त्याच रात्री, ११:०५

आणि पावटे?

पोटोबा | ११:०९

चालू आहेत. रात्रभर भिजवून, पाणी फेकून, मोड आणून, सोलून. सोलायचं काम माझ्याकडे आल्यापासून दुसऱ्यांदा वाढून घेत नाही.